शिंक्यातला मोबाईल

आमच्या घरात वर्षभर मोबाईल होता आणि त्या वर्षात मी त्याच्यावर एकदाही धड बोललो नाही.

बोलले ते बाकीचे. मी फक्त बोलवायला गेलो. 'अहो, तुमचा फोन आलाय,' हे एक वाक्य मी साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत इतक्या दारांत जाऊन म्हटलं आहे, की अजूनही जुन्या शेजाऱ्यांकडे सहज डोकावलो तरी घरातला माणूस आधी चपला शोधायला लागतो.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. साताऱ्यात मोबाईल नुकतेच आले होते. ज्याच्याकडे असेल तो माणूस शर्टाच्या खिशातून त्याचं डोकं बाहेर दिसेल असा ठेवायचा. माझा खिशात मावतच नव्हता, कारण माझा साधा नव्हता! माझे साडू, सांगलीचे प्रभाकरराव, आखातात नोकरी करून परतले तेव्हा त्यांनी हे प्रकरण बरोबर आणलं होतं. बाहेरून फोन. पण मधोमध उघडला की आत टाइपरायटरसारखी बटणं आणि एक लांबोडका पडदा. त्यात पत्ते साठवा, आठवणी लावा, वाटलं तर फॅक्स पाठवा! आज ज्याला स्मार्टफोन म्हणतात त्याचा हा खापरपणजोबा. (आणि वागायचाही तसाच. धड ऐकू येत नसे, लवकर दमायचा आणि नको तेव्हा ओरडायचा.)

"दिगंबरराव, तुम्ही फिरतीवरची माणसं. वर्षभर वापरून तर बघा," प्रभाकरराव म्हणाले. सासुरवाडीची माणसं एखादी वस्तू इतक्या प्रेमाने हातात ठेवतात तेव्हा त्यांना ती घरात नकोशी झालेली असते, एवढं लग्नाला दहा वर्षं होऊनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी त्या वेळी ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायचो. कडेगावपासून माणपर्यंत माझी फिरती. कडेगावातल्या ऊसवाल्यांना सरीत पाणी सोडून बांधावर झोपायची सवय, म्हणून त्यांना नळ्या नको होत्या. माणमध्ये नळीत सोडायला पाणीच नव्हतं, म्हणून त्यांना नको होत्या. अशा धंद्यात माणसाला जरा वजन लागतं. मोबाईलला ते भरपूर होतं. पहिल्याच आठवड्यात कडेगावला एका बापूंच्या ओसरीवर मी तो बाजेवर ठेवला आणि ऐटीत उघडला. बापूंनी लगेच तळहात पुढे केला.

"चुना ताजा हाय का?"

"बापू, हा फोन आहे."

"व्हय व्हय," बापू आत वाकून बघत म्हणाले, "पर मग सुपारी कंच्या कप्प्यात ठेवता?"

नळ्या घेतल्या नाहीतच. वर पान न देता डबा मिटणारा चिक्कू माणूस अशी माझी ख्याती त्या भागात झाली.

प्रभाकररावांनी फोनमध्ये त्यांच्या स्वतःच्या आठवणी लावून ठेवल्या होत्या. त्या मला काही केल्या काढता आल्या नाहीत. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी तो रोज सकाळी कोकलायचा आणि उठायचो मी. एकदा जानेवारीत पडद्यावर लग्नाचा वाढदिवस उमटला. मी लगबगीने कंदी पेढे आणि गजरा घेऊन घरी गेलो.

"आज काय विशेष?" आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुमित्राने विचारलं.

"असं काय करतेस? आपल्या लग्नाचा वाढदिवस!"

"आपला वैशाखात असतो. आज ताईचा आहे."

पेढे तिने खाल्ले. गजराही माळला. आणि 'तो फोन परत देऊन टाका' असं त्या दिवशी ती पहिल्यांदा म्हणाली. मी तिचं ऐकायला हवं होतं. पण कुठल्या नवऱ्याने पहिल्यांदा म्हटल्याबरोबर ऐकलं आहे?

खरी गोम रेंजची होती. घरात ती औषधालाही नव्हती. गच्चीवर पाण्याच्या टाकीवर चढून पोवई नाक्याकडे तोंड केलं की पडद्यावर दोन दांड्या उगवायच्या. अजिंक्यताऱ्याकडे तोंड केलं की मावळायच्या. शेवटी टीव्हीच्या अँटेनाचा खांब टाकीला लागून होता, त्याला आम्ही दह्यादुधाचं जुनं शिंकं बांधलं आणि त्यात मोबाईल ठेवला. मोबाईल म्हणजे फिरता फोन, असं प्रभाकररावांनी मला समजावलं होतं. आमचा शिंक्यात लोंबकळत होता आणि फिरत होतो मी.

त्यात ती पी. पी.ची भानगड. ज्याच्याकडे फोन नाही त्याने शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात 'पी. पी.' लिहायचं, ही त्या काळची सर्वमान्य सोय. आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीत एक फोन होता आणि इतकी वर्षं सगळी गल्ली त्याच्यावर निभावत होती. मोबाईल आला आणि गिरणीच्या नंबराची पत गेली. लग्नपत्रिकांवर माझा नंबर छापून यायला लागला! पहिली पत्रिका बघून मला अभिमान वाटला होता. (मूर्खपणाची सुरुवात बहुधा अभिमानानेच होते.)

पी. पी.चा एक शिष्टाचार असतो. ज्याचा फोन आहे तो माणूस येईपर्यंत पलीकडच्याला ताटकळत ठेवायचं नाही. त्याच्याशी बोलत राहायचं, पाऊसपाणी विचारायचं, त्याला फोन ठेवू द्यायचा नाही. गिरणीच्या फोनवर यात कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. मोबाईलवर मात्र तेव्हा आलेल्या फोनचेही मिनिटामिनिटाला पैसे पडायचे, आणि ते मला पडायचे!

या शिष्टाचारात हौसाक्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हौसाक्का आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. मालक मुंबईला कामाला. गच्ची त्यांच्या दारासमोर, म्हणून शिंक्यातला फोन वाजला की पहिला हात त्यांचा. बाई दुष्काळी भागातली, पण बोलण्याची टंचाई कधी जाहीर झाली नाही.

"आक्का, जरा आवरतं घेत चला हो," मी एकदा काकुळतीला येऊन म्हणालो. "मला पैसे पडतात."

"आवं भावजी, दारात आलेल्या पावन्याला पानी न्हाई इचारायचं व्हय? फोनबी पावनाच की!"

वर्ष सरता सरता फोनची आणि माझी अवस्था सारखीच झाली. त्याची बिजागरी निखळली, मला गुडघेदुखी लागली. त्याचं झाकण मिटून राहावं म्हणून सुमित्राच्या केसांची लाल रिबीन बांधली होती. मला बांधायला काही नव्हतं.

आणि अशातच सुमित्राच्या नोकरीची गोष्ट निघाली.

सुमित्रा दोन गल्ल्या सोडून एक बालवाडी चालवायची, कामाला जाणाऱ्या आयांसाठी उन्हाळ्यातही सुरू असणारी. पण चांगल्या शाळेत कायमची नोकरी मिळावी, ही तिची लग्नाच्या आधीपासूनची इच्छा. पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुलांच्या वसतिगृहाला मेट्रन हवी होती. राहायला जागाही देणार होते. मे महिन्यात तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. मी स्कूटरवरून तिला घेऊन गेलो. वाई सोडल्यावर सगळ्या घाटात ती एक शब्द बोलली नाही. एरवी घाटात मागे बसून तीच स्कूटर चालवते. तेव्हाच मी ओळखलं, की ही नोकरी तिला किती हवी आहे.

मुलाखत छान झाली. शाळेच्या मोठ्या बाई वयस्कर, हळू आवाजात बोलणाऱ्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. शेवटी त्यांनी मलाही आत बोलावलं आणि सुमित्राला म्हणाल्या, "सोमवारी सकाळी मी स्वतः फोन करून कळवते. पण तुमचा होकार मला तेव्हाच लागेल. मुलं सुट्टीवरून परत येतायत. फोन नाही झाला, तर मला पुढच्या बाईंना सांगावं लागेल. तुमचा नंबर?"

"आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, तिथला..." सुमित्राने तोंड उघडलं.

"छे छे! गिरणी कशाला?" मी मध्येच म्हणालो. "मोबाईल लिहून घ्या!"

आणि पिशवीतून मी तो काढला. काढला आणि त्याने प्रभाकररावांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची आठवण करून दिली. म्हणजे बोंब मारली! ती बंद करायला झाकण उघडायला हवं, झाकण उघडायला रिबीन सोडायला हवी आणि रिबिनीला बसलेली निरगाठ. फोन कोकलतोय, मी दातांनी गाठ ओढतोय आणि सुमित्रा भिंतीवरच्या नकाशात महाराष्ट्र शोधतेय. शेवटी मोठ्या बाईंनी टेबलावरची कात्री माझ्यापुढे सरकवली.

घाट उतरताना सुमित्रा म्हणाली, "गिरणीचा नंबर बरा होता."

"अगं, गिरणी सुरू असली की तिथे काय ऐकू येतंय? सोमवारी मी जातीने बसेन टाकीवर. मग तर झालं?"

"टाकीवरून हलायचं नाही."

"नाही हलणार."

"आणि मोठ्या बाई बोलल्या की गोड बोलायचं, 'हो, येते ती' म्हणायचं आणि पुढे काही बोलायचं नाही."

सोमवारी सुमित्राला बालवाडी बुडवता येईना, म्हणून तिने मला चहा देऊन, हातात छत्री देऊन टाकीवर बसवलं आणि ती गेली. मे महिन्याचं ऊन. समोर हौसाक्कांनी कुरडयांचं वाळवण घातलेलं. त्या काठी घेऊन कावळे हाकत होत्या आणि मी छत्री घेऊन फोन राखत होतो.

"भावजी, बसलाच हायसा तर कावळ्यांकडंबी बघा की."

म्हणून छत्री मिटून मी कावळेही हाकायला लागलो. फोन वाजला. मी दचकून उचलला. समोरच्या घरच्या सुभेदारांसाठी होता. त्यांना हाक मारली. ते आले, टाकीवर चढले आणि पलटणीत हुकूम सोडावा तशा आवाजात मुंबईच्या जावयाशी बोलले. (त्यांना फोनची गरजच नव्हती. नुसतं बोलले असते तरी मुंबईला पोहोचलं असतं.) पुन्हा वाजला. शिंपीकाकांसाठी. पुन्हा वाजला. गिरणीवाल्या तानाजीसाठी!

"तुमच्याकडे स्वतःचा फोन असताना इथे कशाला?" मी पलीकडच्याला विचारलं.

"तिकडं गिरणी चालू असली की काय आईकू येत न्हाई वो."

आता तानाजीला बोलवायला गल्लीच्या टोकापर्यंत जायला हवं. तिथपर्यंत सुभेदारांचा आवाज पोहोचला असता, माझा नाही. सुमित्राची ताकीद आठवत होती. पण वर्षभराची सवय वाईट. पाय आपोआप खाली उतरले. जाता जाता मी हौसाक्कांच्या हातात फोन दिला.

"आक्का, याला दोन शब्द बोला, मी आलोच. आणि मधे दुसरा फोन आला तर धरायला सांगा. महत्त्वाचा आहे."

"सोडते व्हय? बिनघोर जावा."

तानाजी पिठाने पांढरा झालेला होता. त्याने आधी हातातलं दळण पुरं केलं, मग हात धुतले, तोंड धुतलं, 'कुणाचा असंल वो?' असं चारदा विचारलं आणि मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, त्यो उसनं मागनारा असंल. न्हाई म्हनून सांगा."

धापा टाकत मी परत गच्चीवर आलो. हौसाक्का टाकीला टेकून, पाय पसरून फोनवर रंगल्या होत्या. एका हातात काठी, कावळे निवांत कुरडया खातायत.

"आवं बाई, काय सांगू तुमास्नी. पोरगी लय गुनाची. माझ्या धाकट्याला ताप आला तवा रातभर उशाला बसली व्हती... व्हय, मालक हायत की. पर त्यांचा उपेग काय? नुसतं खाली-वर करत्यात..."

मी ओळखलं. तानाजीचा माणूस कंटाळून फोन ठेवून गेला होता आणि मागून आल्या होत्या दहिवडीच्या विहीणबाई! हौसाक्कांच्या लेकीच्या सासूबाई अधूनमधून फोन करायच्या आणि दोघी सून आणि जावई यांचा पंचनामा झाल्याशिवाय फोन ठेवायच्या नाहीत. मी खुणेने 'आवरा' म्हटलं. हौसाक्कांनी खुणेने 'गप बसा' म्हटलं. मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्यांनी काठी दाखवली. इकडे मिनिटामागून मिनिट जातंय, मोठ्या बाईंचा फोन कुठल्याही क्षणी येईल आणि तो लागणार नाही, सुमित्राची नोकरी जाईल, आणि कशापायी? तर दहिवडीच्या जावयापायी! वर्षभराचा सगळा शीण, सगळे जिने, सगळी बिलं माझ्या डोक्यात चढली. मी फोन हिसकावला.

"ओ बाई!" मी सुभेदारांच्या वरताण ओरडलो. "किती वेळ? फुकटचा फोन आहे का? घरात काही कामधंदा आहे की नाही? आवरा आता!"

आणि खटकन बंद केला. इतकं बरं वाटलं मला! वर्षभरात त्या फोनवर मी मनापासून बोललेली ती पहिलीच वाक्यं.

हौसाक्कांनी हातातली काठी खाली टाकली.

"भावजी... आवं, त्या पाचगनीच्या बाई व्हत्या की!"

"कोण?"

"सुमीताईच्या साळंच्या! तुमीच म्हनला, धरून ठेवा. म्हनून धरून ठेवल्या न्हवं का?"

मी टाकीवर बसलो. नंबर? मोठ्या बाईंचा नंबर मी मोठ्या हुशारीने फोनच्या पोटात साठवला होता. 'कागदावर लिहून ठेवा हो,' असं सुमित्रा म्हणाली तेव्हा मी हसलो होतो. झाकण उघडलं. पडद्यावर रक्तदाबाच्या गोळीची आठवण उमटली आणि फोनने डोळे मिटले. बॅटरी संपली होती. चार्जिंगला लावायला खाली धावलो, तर लाईट गेलेली! एसटीडी बूथवर जाऊन चौकशीचा नंबर फिरवला, तो सारखा एंगेज. (चौकशीलाही पलीकडे कुणी हौसाक्का बसलेल्या असाव्यात.)

मी बालवाडीत गेलो. सुमित्रा पोरांना गाणं शिकवत होती. मला दारात बघून तिचा चेहरा उजळला.

"आला फोन?"

"आला."

"मग? काय म्हणाल्या?"

"त्या नाही... मीच म्हणालो."

मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिने हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला, बोटं पदराला पुसली. डोळे भरून आले होते, पण ते तिने मला दिसू दिले नाहीत. ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. त्या क्षणी मला माझी जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही.

"स्कूटर काढा," ती म्हणाली.

घाटाच्या मध्यावर मागून आवाज आला, "तुम्हाला काय बोलू मी? फोन तुमचा, रेंज तुमची, तोंडही तुमचंच." मी आरशात बघितलं नाही. बघण्यासारखं तिथे काही माझ्या भल्याचं नव्हतं.

मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही दोघं उभे राहिलो. माझ्या कपाळावरून घाम, केसांत तानाजीच्या गिरणीतलं पीठ. मोठ्या बाईंनी चष्मा लावून आम्हाला नीट बघितलं.

"बाई, सकाळच्या फोनचं..." सुमित्राने सुरुवात केली.

"बसा. तुमच्या शेजारच्या बाई फार गप्पिष्ट आहेत हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी शिफारसपत्रं मागवते. त्यांत सगळ्याच बायका सुस्वभावी आणि कष्टाळू असतात. तुमच्याबद्दल मात्र मला आज अर्धा तास खरं ऐकायला मिळालं."

(अर्धा तास! मी खुर्चीचा हात घट्ट धरला.)

"कुणाच्या तापात तुम्ही रात्रभर बसलात, बालवाडीतली मुलं घरी जायला कशी तयार नसतात, सगळं त्यांनी सांगितलं. यजमानांना सकाळपासून उन्हात टाकीवर बसवलंय आणि ते हूं की चूं न करता बसलेत, हेही सांगितलं. तेवढ्यात कुणीतरी पुरुष खेकसला आणि फोन तुटला." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कोण होतं ते?"

मी टेबलावरचा पृथ्वीचा गोल निरखायला लागलो. माण तालुका कुठे दिसतो का बघत होतो. तिथे जाऊन लपायचा विचार होता.

"हेच," सुमित्रा म्हणाली.

"वाटलंच मला. त्यानंतर मी तीनदा फोन लावला. लागला नाही. पुढच्या बाईंचा नंबर समोर काढून ठेवला होता. पण म्हटलं, दुपारपर्यंत थांबावं." मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "हे बघा, आमच्या वसतिगृहात एकाहून एक द्वाड मुलं आहेत. पण 'कामधंदा आहे की नाही' असं मला अजून त्यांच्यापैकी कुणी विचारलेलं नाही. असं एक तुम्ही दहा वर्षं घरात सांभाळताय! तुम्हाला वेगळा अनुभव काय विचारायचा? कधीपासून येता?"

सुमित्रा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मीही हसलो. मला परवानगी आहे का, याची खात्री नव्हती.

पुढे आम्ही पाचगणीला राहायला गेलो. फोन परत द्यायला सांगलीला गेलो, तर प्रभाकरराव दारातूनच म्हणाले, "ठेवा हो, अजून वर्षभर वापरा!" शेवटी तो मी हौसाक्कांना दिला. त्यांनी त्यातली बॅटरी काढून मिसरीची पुडी ठेवली. "कप्पे लय बेस हायती," म्हणाल्या. कडेगावच्या बापूंना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पाचगणीला वसतिगृहाच्या कचेरीत एक साधा काळा फोन होता. तो मेट्रनबाईंच्या ताब्यात. माझ्या नळ्यांच्या नव्या कार्डावर मी तोच नंबर छापला, पुढे कंसात पी. पी. घालून. माझा फोन आला की शिपाई जिना चढून यायचा आणि म्हणायचा, "साहेब, तुमचा फोन आलाय." मी चपला शोधायचो, धावत खाली जायचो. रिसीव्हर कानाला लावून कडेगावच्या गिऱ्हाईकाला पाऊसपाणी विचारायला लागायचो. आणि मग मेट्रनबाई रजिस्टरमधून मान वर न करता, अगदी मोठ्या बाईंसारख्या हळू आवाजात म्हणायच्या, "अहो, फुकटचा फोन आहे का? आवरा आता."